आयकॉनचा आकार आणि आपली नजर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मला संगणकाविषयी चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. मी काही संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. बी. ए., बी. एड. झालेला, भाषा शिकवणारा शिक्षक आहे. शाळेतील संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली आणि तिच्यामागोमाग हा विषयही आला. म्हणून मोठ्या गोष्टींना हात न घालता मी एक अगदी लहान विषय निवडला आहे. संगणकाच्या पडद्यावर जी चित्रे दिसतात, ज्यांना आपण आयकॉन म्हणतो, त्यांचा आकार लहानमोठा कसा करावा, एवढाच तो विषय.

विषय ऐकून विद्यार्थ्यांना थोडे हसू येईल. त्यांना हे दोन मिनिटांत जमते. पण त्यांच्या घरी जाऊन विचारले तर निराळे चित्र दिसते. गेल्या काही वर्षांत मी जेव्हा जेव्हा पालकांना संगणकासमोर बसवले, तेव्हा एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू आले. एका मातेने ते जसे म्हटले तसेच सांगतो : "सर, मले त्यातलं बारीक काई दिसत नाई, तुमीच पाहा." या बाई घरी शिलाई करतात. सुईत दोरा ओवायला त्यांना मुलीची मदत लागते, तरी कपड्याचे माप त्यांचे कधी चुकत नाही. संगणक त्यांना कळला नसता असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना तो दिसला नाही, इतकेच. आणि न दिसल्याचे सांगायला संकोच वाटतो म्हणून आपण "आम्हाला नाही समजत बुवा त्यातलं" असे म्हणून मोकळे होतो. न दिसणे आणि न समजणे या दोन गोष्टी एक मानल्या की माणूस उगाच स्वतःला अडाणी ठरवतो.

याचा परिणाम काय होतो पाहा. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यात ऑनलाईन झाले आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, रेल्वेचे तिकीट, सारे पडद्यावर आहे. कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असले, तरी अर्ज भरायचा झाला की येथील माणूस कुऱ्ह्याला किंवा तिवशाला जातो, नाही तर वर्धा नदी ओलांडून आर्वी गाठतो. तिथे दुकानातल्या पोराच्या हाती आधार कार्ड द्यायचे, मोबाईलवर आलेला ओटीपी त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि पासवर्डही त्यानेच ठरवायचा. ते पोरगे प्रामाणिक असेलही, बहुधा असतेच. पण आपल्या मुलीच्या नावातले एक अक्षर तो चुकवील तेव्हा ते पाहणार कोण? आपण तर पडद्याकडे पाहतच नाही. दाखल्यावर एक नाव आणि अर्जावर दुसरे, असे झाले की पुढे किती खेपा घालाव्या लागतात, हे येथे बसलेल्या पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे.

तेव्हा विषय लहान असला तरी त्यामागची गोष्ट लहान नाही.

आता आयकॉन म्हणजे काय, ते आधी पाहू. सुरुवातीच्या संगणकावर चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम टाईप करावा लागे, आणि एक अक्षर चुकले की यंत्र ऐकत नसे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्यात पडद्याला टेबलाचे रूप दिले होते. टेबलावर जसे कागद, फाइली आणि टपालाचा ट्रे असतो, तशी त्यांची छोटी चित्रे पडद्यावर मांडलेली. इंग्रजीत टेबलाच्या पाठीला डेस्कटॉप म्हणतात, तेच नाव पडद्याला मिळाले. 'स्टार' फार महाग असल्याने चालला नाही. पुढे १९८४ च्या जानेवारीत ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश आला आणि ही चित्रे लोकांच्या ओळखीची झाली.

मॅकिंटॉशची बरीच चित्रे सुझान केअर नावाच्या एका चित्रकार स्त्रीने काढली. तिने ती प्रथम चौकटीच्या कागदावर काढली. आडव्या ३२ चौकटी, उभ्या ३२ चौकटी, म्हणजे एकूण १०२४ चौकटी. त्यातली कोणती काळी करायची आणि कोणती कोरी ठेवायची, एवढाच खेळ. आपल्या मातांना आणि भगिनींना हे काम अनोळखी नाही. दसुतीच्या कापडावर चौकड्या मोजून टाके घालीत गुलाबाचे फूल काढतात, तेच हे काम. ज्यांनी एकदा तरी दसुती भरली आहे, त्यांना पडद्यावरचे चित्र कसे बनते हे मला वेगळे सांगावे लागणार नाही. पडद्यावरच्या त्या एकेका बारीक चौकडीला पिक्सेल म्हणतात.

दसुतीच्याच उदाहरणाने पुढची गोष्ट कळते. बारीक विणीच्या कापडावर तेच फूल भरले तर टाके तितकेच राहतात, पण फूल लहान होते. जाड विणीच्या कापडावर भरले तर मोठे होते. पडद्याचेही असेच आहे. आपल्या शाळांमधून पूर्वी १५ इंची चौकोनी पडदे असत. त्यावर आडव्या १०२४ आणि उभ्या ७६८ चौकड्या. आज दुकानातून आणलेल्या १५.६ इंची लॅपटॉपवर बहुधा आडव्या १९२० आणि उभ्या १०८० चौकड्या असतात. पडदा जवळजवळ तेवढाच, पण वीण फार बारीक झाली. ४८ चौकड्यांचा जो आयकॉन जुन्या पडद्यावर सुमारे १४ मिलिमीटर रुंद दिसे, तो नव्या पडद्यावर काही फेरफार न केल्यास साडेआठ मिलिमीटरच भरतो. म्हणजे जो बोराएवढा होता तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा झाला. नवा संगणक आणल्यावर घरातील वडीलधारी माणसे "जुनाच बरा होता" असे म्हणतात, तेव्हा मुले हसतात. त्यांनी हसू नये. वडील म्हणतात त्यात हिशेबाने तथ्य आहे.

मग आकार वाढवायचा कसा? विंडोज असलेल्या संगणकावर, पडद्याच्या मोकळ्या जागी, जिथे एकही चित्र नाही अशा ठिकाणी, माऊसचे उजवे बटण दाबावे. एक यादी उघडते. तिच्यात 'व्ह्यू' हा शब्द आहे. त्यावर बाण नेला की आणखी एक यादी उघडते आणि तिच्यात 'लार्ज आयकॉन्स', 'मिडियम आयकॉन्स' व 'स्मॉल आयकॉन्स' हे शब्द दिसतात. लार्ज म्हणजे ९६ चौकड्यांचा आयकॉन, मिडियम ४८ चा आणि स्मॉल ३२ चा. हवा तो निवडावा. दुसरी रीत त्याहून सोपी. कीबोर्डवरची कंट्रोल ही कळ एका हाताने दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने माऊसचे मधले चाक पुढे फिरवावे. चित्रे हळूहळू वाढतात. चाक मागे फिरवले की लहान होतात. या रीतीत तीनच मापे आहेत असे नाही, मधले कोणतेही माप मिळते.

चित्र मोठे केल्यावर ते फाटके, दातेरी का होत नाही, असे एका विद्यार्थिनीने मला विचारले होते. प्रश्न चांगला होता. पूर्वी तसे होत असे. आता आयकॉनच्या एकाच फाइलमध्ये तेच चित्र निरनिराळ्या मापांत भरून ठेवलेले असते : १६, ३२, ४८ आणि २५६ चौकड्यांचे. शिंपी जसा एकाच नमुन्याचे लहान, मध्यम, मोठे सदरे तयार ठेवतो आणि गिऱ्हाईक पाहून काढून देतो, तसे विंडोज आपण मागू त्या मापाच्या जवळचे चित्र काढून देते. २५६ चे मोठे माप २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून आले. एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये लहानच माप भरलेले असेल, तर त्याचा आयकॉन मोठा केल्यावर अजूनही खडबडीत दिसतो. त्यात आपल्या संगणकाचा दोष नसतो.

येथे एक अडचण आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. आयकॉन मोठा केला तरी त्याखालचे नाव मोठे होत नाही. चित्र वाढते, अक्षर तेवढेच राहते. आणि अर्ज, गुणपत्रक, अभ्यासाची टिपणे या साऱ्यांचे चित्र एकसारखेच असते. ओळखायचे असते ते नावावरून. म्हणून केवळ आयकॉन वाढवून भागत नाही. पडद्यावर उजवे बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे. तिथे 'स्केल' नावाखाली १००, १२५, १५० असे टक्के दिसतात. १२५ किंवा १५० केले की चित्र, अक्षर, खालची पट्टी, खिडक्यांची बटणे, सारेच त्या प्रमाणात वाढते. मघाशी सांगितलेला हरभऱ्याएवढा आयकॉन १५० टक्क्यांवर सुमारे १३ मिलिमीटरचा होतो. ज्यांना फक्त अक्षरे मोठी हवीत त्यांच्यासाठी विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज'मधील 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात 'टेक्स्ट साईज' नावाची पट्टी आहे. ती २२५ टक्क्यांपर्यंत सरकवता येते. विंडोज १० मध्येही ही सोय आहे. मात्र विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

अक्षरांच्या बाबतीत आपली गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा मोठी आहे. रोमन अक्षर बहुतांशी एका ओळीत बसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार. तेवढ्याच उंचीत हे सारे बसवायचे म्हणजे मूळ अक्षर लहान करणे आले. अक्षर फार बारीक झाले की पहिला बळी अनुस्वाराचा जातो. मग 'भाग' आणि 'भांग' यांत फरक राहत नाही, 'रग' आणि 'रंग' सारखेच दिसतात. उर्दूत तर सारा खेळ नुक्त्यांचा. बे, पे, ते, से यांची बैठक एकच. खाली एक नुक्ता की बे, खाली तीन की पे, वर दोन की ते, वर तीन की से. जीम, चे, हे आणि खे यांचीही तीच गत. बारीक आकारात तीन नुक्त्यांचा एक ठिपका होतो आणि दोन नुक्त्यांचाही एकच ठिपका होतो. शिवाय आपली मुले पुस्तकांत जे नस्तालीक वळण वाचतात, त्यात अक्षरे उजवीकडून डावीकडे तिरपी उतरत जातात, त्यामुळे त्याला उंची अधिक लागते. संगणकावर नस्तालीक आणण्यासाठी पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहून काढल्या, आणि १९८१ साली लाहोरचे 'जंग' दैनिक त्या 'नूरी नस्तालीक'मध्ये छापले गेले. इतक्या खटाटोपानंतर हे वळण यंत्रात आले खरे, पण विंडोजच्या डेस्कटॉपवर आयकॉनखाली उर्दू नाव लिहिले तर ते साधारणतः नस्ख वळणात आणि बारीक आकारात दिसते. उर्दू माध्यमातून आलेले मूल तिथे अडखळते ते वाचन कच्चे असल्यामुळे नव्हे. स्केल वाढवून पाहा, ते न अडखळता वाचते.

आता एका चुकीच्या उपायाविषयी बोलतो, कारण तो फार ठिकाणी केला जातो. दिसत नाही अशी तक्रार आली की संगणक दुरुस्त करणारे पुष्कळदा 'रिझोल्यूशन' कमी करून देतात. त्याने चित्रे मोठी होतात हे खरे. पण सपाट पडद्याच्या चौकड्या कारखान्यातच ठरलेल्या असतात. १९२० चौकड्यांच्या पडद्याला १०२४ चे चित्र दिले तर एकेका टाक्याला पावणेदोन-दोन चौकड्या वाट्याला येतात. अर्धी चौकडी रंगवता येत नाही, म्हणून कडा पुसट होतात. वर आणखी चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणले गेले की गोल आयकॉन लंबगोल होतो आणि माणसांचे चेहरे सुजल्यासारखे दिसतात. मोठे पण धूसर अक्षर वाचून डोळे अधिक शिणतात. म्हणून रिझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असते तेच राहू द्यावे आणि स्केल वाढवावे. कोणी दुसरे सांगितले तर त्याला हे दसुतीचे उदाहरण द्यावे.

काही ठिकाणी मुलांना पहिल्याच दिवशी दटावले जाते की सेटिंगला हात लावायचा नाही. यंत्रे खराब होतील ही भीती समजण्यासारखी आहे, पण मला हा दंडक पटत नाही. वर्गात मूल मागच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हणाले तर आपण त्याला पुढे बसवतो. तोच न्याय येथे का नसावा? एका संगणकावर अनेक मुले बसतात आणि प्रत्येकाची नजर वेगळी, हा प्रश्न खरा आहे. त्यावर सोय अशी की विंडोजमध्ये प्रत्येकासाठी निराळे 'युजर अकाउंट' करता येते, आणि एकाने आपल्या खात्यात आयकॉन मोठे केले तर दुसऱ्याच्या खात्यात ते होते तसेच राहतात. घरी एकच संगणक असेल तर दादीसाठी एक खाते वेगळे करून द्यावे. पार्श्वभूमीला लग्नाचा किंवा डोंगरदऱ्यांचा फोटो न लावता एकच साधा गडद रंग ठेवावा आणि लागणारे चार-पाच आयकॉनच वर ठेवावेत. मी असे पडदे पाहिले आहेत की ज्यांवर ऐंशी-नव्वद फाइली विखुरलेल्या असतात, आणि त्या मावाव्यात म्हणूनच आयकॉन लहान केलेले असतात. तिथे आधी फाइली फोल्डरमध्ये भराव्या लागतील. पसारा आवरल्याशिवाय मोठे चित्र ठेवायला जागा होणार नाही.

भीतीचे आणखी एक कारण विद्यार्थी मित्रांना माहीत असेल. एकदा एक मुलगा धावत माझ्याकडे आला : "सर, चित्रं फुगली, व्हायरस आला!" कंट्रोल कळेवर त्याची वही पडली होती आणि हात माऊसच्या चाकावर होता. इतकेच घडले होते. चाक मागे फिरवताच चित्रे जाग्यावर आली. कधी कधी पडद्यावरचे सारेच आयकॉन नाहीसे होतात आणि घरातले घाबरतात की कागदपत्रे गेली. बहुधा 'व्ह्यू'च्या यादीत 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' यापुढची बरोबरची खूण चुकून निघालेली असते. ती परत लावली की सारे दिसू लागते. फाइली कोठेही गेलेल्या नसतात. आकार वाढवल्यावर चित्रांच्या जागा बदलल्या तर त्याच यादीतील 'ऑटो अरेंज' हे रांग लावून देते. या खटपटीत तुमचा एकही कागद पुसला जात नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

अर्ज भरताना मात्र डेस्कटॉपची ही रीत उपयोगी पडत नाही. तिथे आपण ब्राउझरमध्ये असतो. कंट्रोल दाबून बेरजेची कळ दाबली की पान मोठे होते, वजाबाकीची दाबली की लहान होते आणि कंट्रोलबरोबर शून्य दाबले की मूळ आकारावर येते. अर्जाच्या शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगतात, ज्याला कॅपचा म्हणतात, तीही अशाने मोठी होतात. सरकारच्या पुष्कळ संकेतस्थळांवर वरच्या कोपऱ्यात अक्षर लहानमोठे करण्याची बटणे असतात. शोभेची म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. ज्यांना याहूनही मोठे हवे त्यांनी विंडोजची कळ आणि बेरजेची कळ एकत्र दाबावी. पडद्यावर भिंग उघडते. विंडोज आणि एस्केप या कळांनी ते बंद होते.

दूर-जवळचा हिशेबही यात येतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिरा शहरात राहिलेल्या इब्न अल-हैसम या विद्वानाने 'किताब अल-मनाझिर' नावाचा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जाऊन वस्तूला स्पर्श करतात, ही जुनी समजूत त्याने खोडून काढली आणि वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो हे दाखवून दिले. एखादी वस्तू केवढी दिसते हे तिने डोळ्यापाशी केलेल्या कोनावर आणि तिच्या अंतराच्या आपल्या अंदाजावर अवलंबून असते, हाही विचार त्याने त्यात मांडला. एस. टी. च्या पाट्या रंगवणारा पेंटर हेच जाणतो : पाटी किती लांबून वाचायची ते पाहून तो अक्षराची उंची धरतो. आपल्या संगणकाच्या खोलीत एका यंत्रापुढे तीन मुले बसतात. मधले मूल पडद्यापासून हातभर अंतरावर असते, कडेची दोघे तिरपी आणि अधिक लांब. अंतर दुप्पट झाले की चित्र निम्म्याने लहान भासते. म्हणून तिघे बसतात तिथे मधल्याला पुरेसा वाटणारा आयकॉन कडेच्यांना पुरत नाही. माझा अनुभव असा की माऊस नेहमी मधल्याच्याच हातात राहतो आणि कडेची मुले, विशेषतः कडेला बसलेल्या मुली, नुसत्या पाहत राहतात. आयकॉन मोठे केल्यावर त्याही बोटाने दाखवू लागतात, "तिथे नाही, इथे दाब" असे सांगू लागतात. माऊस आळीपाळीने द्यायचा असतो, हे मात्र शिक्षकालाच पाहावे लागते.

पालकांच्या चष्म्याविषयीही सांगायला हवे. चाळिशी उलटली की जवळचे धूसर दिसू लागते. म्हणूनच आपल्या भाषेत त्या चष्म्याला चाळिशी असे नाव पडले. पण वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो आणि संगणकाचा पडदा त्याहून लांब असतो. तो चष्मा लावूनही पडदा स्पष्ट दिसत नाही आणि माणूस नंबर वाढला असे समजतो. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर हनुवटी वर करून पाहावे लागते आणि मान दुखते. नेत्रतपासणीच्या वेळी "मी संगणकावरही काम करतो, पडदा हातभर लांब असतो" एवढे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता मुलांविषयी, आणि हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवले आहे. सातवीतील एक विद्यार्थी संगणकाच्या तासाला नेहमी मागे राही, चुकीच्या चित्रावर क्लिक करी आणि इतर मुले त्याला चिडवीत. आयकॉन मोठे करून दिले तेव्हा त्याचे काम इतरांच्या बरोबरीने होऊ लागले. गोष्ट तिथेच संपली असती तर घरी आणि शाळेत सर्वांनाच बरे वाटले असते. परंतु सातवीतल्या निरोगी डोळ्यांना मोठा आयकॉन लागावा हेच मुळी नैसर्गिक नाही. त्याच्या अब्बांना बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगितले. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. फळ्यावरचे त्याला दोन वर्षे नीट दिसत नव्हते, आणि ते कोणाला कळले नाही, कारण त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. जगाला असेच दिसत असेल, असे त्याला वाटे. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने आयकॉन मोठा करून घ्यावा आणि खुशाल काम करावे. मात्र मूल पडद्याजवळ तोंड नेऊ लागले, डोळे बारीक करू लागले किंवा मोठी चित्रे मागू लागले, तर चित्रे मोठी करून द्यावीत आणि त्याच आठवड्यात त्याचे डोळेही तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा मुलांची नजरही पाहिली जाते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. मुलीला चष्मा लागला तर लग्नात अडचण येईल, असे म्हणून तपासणीच टाळणारी घरे मला माहीत आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी तयारी आहे, कितीही वेळ.

काही मुलांची नजर चष्म्यानेही पूर्ण सुधारत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी ही स्वतंत्रपणे धरली आहे. चांगल्या डोळ्याला चष्मा लावूनही, निरोगी नजर जे १८ मीटरवरून वाचते ते ज्याला जास्तीत जास्त ६ मीटरवरून वाचता येते, असा मनुष्य ढोबळमानाने त्यात येतो. अशा विद्यार्थ्याला २०० टक्के स्केल, मोठे आयकॉन आणि भिंग दिले तर तो बहुतेक सर्व कामे स्वतः करू शकतो. त्याला संगणकाच्या तासाला सवलत म्हणून बाहेर बसवणे ही मला सवलत वाटत नाही.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी मोबाईलवर हेच करून पाहावे. 'सेटिंग्ज'मध्ये 'डिस्प्ले' या भागात 'फॉन्ट साईज' आणि 'डिस्प्ले साईज' अशा दोन पट्ट्या असतात. पहिली फक्त अक्षरे वाढवते, दुसरी चित्रांसकट सारे वाढवते. कंपनीप्रमाणे नावात थोडा फरक असतो. फार वाढवले तर काही बटणे पडद्याबाहेर जातात, म्हणून एकेक पायरी चढावी.

मेळावा आटोपल्यावर संगणकाची खोली दोन तास उघडी राहील. प्रत्येक यंत्राजवळ नववीचे दोन विद्यार्थी बसतील. त्यांना सूचना आहे की माऊस पालकांच्याच हातात द्यायचा आणि आपले हात मागे ठेवायचे. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो सोबत आणावा, आणि घरी विसरला असेल तर तसेच यावे. १५० पासून सुरुवात करू.